कुमुदताईंनी गाळलेली अमेरिका

आमच्या बिल्डिंगमध्ये अमेरिका पहिल्यांदा आली ती तिसऱ्या मजल्यावर, कुमुदताई कर्णिकांच्या बाहेरच्या खोलीत. डोंबिवली पूर्वेतली मुलं तेव्हा भराभर तिकडे जायला लागली होती, आणि नव्वदच्या आसपास त्यांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे आले. पाकिटातून फोटो यायचे ते मागे पडून कॅसेट यायला लागल्या. आईबाप ती कॅसेट देवापुढे ठेवत, मग शेजाऱ्यांच्या व्हीसीआरमध्ये घालत आणि कपाळाला हात लावत. तिकडची कॅसेट इकडच्या मशीनवर धड चालतच नसे. दोन्ही देशांची चित्र उमटवायची पद्धतच निराळी. मुलगा चांगला इंजिनीअर असायचा, पण कॅसेट पाठवताना ही गोष्ट त्याच्या डोक्यात यायची नाही. ती निस्तरायला कुमुदताई होत्या.

त्यांचा भाऊ मस्कतला होता. ताईंनी टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा, घरी बसून माशा मारू नकोस म्हणून त्याने त्यांना दोन व्हीसीआर, एक मोठा टीव्ही आणि मध्ये जोडायचा एक काळा डबा असं सामान आणून दिलं. एका व्हीसीआरमध्ये अमेरिकेची कॅसेट घालायची, दुसऱ्यात कोरी. मधला डबा तिकडचं चित्र इकडच्या पद्धतीत बदलून पुढे पाठवायचा. याला ताई 'उतरवून देणं' म्हणत. तासाभराची कॅसेट उतरवायला पुरता तास लागे, आणि तो सगळा वेळ ताई समोर बसून राहत. खरं म्हणजे बसायची काही गरज नव्हती, मशीन आपलं आपण चाललं असतं. पण एखादी गोष्ट आपली आपण चालू देणं कुमुदताईंच्या स्वभावातच नव्हतं.

मी त्यांच्या शेजारच्या दारात राहायचे, त्यामुळे हा स्वभाव मला भिंतीपलीकडूनही ऐकू यायचा. उंच, सडसडीत बाई. वायलची साडी, केस घट्ट मागे ओढलेले, मान जराशी डावीकडे कललेली. कल्याणच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि ती मान तिथेच कलली होती. दार उघडलं की 'या' म्हणायच्या ऐवजी त्या 'बोला' म्हणत. कुणाला थांबवायचं असेल तर 'लाईनवर राहा' म्हणत आणि आत निघून जात. गॅसवाल्याला, दूधवाल्याला, एकदा तर मुलगी बघायला आलेल्या आणि चुकून त्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांनासुद्धा त्यांनी लाईनवर ठेवलं होतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पण अमक्याच्या भाचीला तमक्याचा भाऊ सुचव, तमक्याला डॉक्टरचा पत्ता दे, असं बिल्डिंगभर त्यांचं जोडणं चालू असायचं. आगाऊपणा म्हणावा तर तो, आणि माया म्हणावी तर तीही. मला त्यांचा राग यायचा तो दुपारी चारपर्यंत. चारला त्या चहा घेऊन यायच्या आणि राग जायचा.

कॅसेट उतरवली की पहिला खेळ त्यांच्याच घरी व्हायचा. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण रीत पडून गेली. आईबाप धुतलेले कपडे घालून यायचे, सतरंजीवर बसायचे. चौथ्या मजल्यावरच्या एका आजीबाईंनी पणतू पडद्यावर रांगायला लागल्याबरोबर मीठमोहऱ्या मागवल्या आणि टीव्हीवरून तीनदा ओवाळून त्याची दृष्ट काढली. कुमुदताईंनी त्या मीठमोहऱ्या गंभीरपणे गॅसवर टाकल्या आणि "तडतडल्या बरं का, लागलीच होती," असंही सांगितलं. खेळ चालू असताना त्या निवेदन करत. कॅसेट त्यांनी आधीच पाहिलेली असे, त्यामुळे आता सूनबाई पडवीतून येईल, आता धाकटा पडेल पण लागणार नाही, असं सगळं त्या आधीच सांगून ठेवत. पोर पडायच्या आधी ते रडणार नाही हे आजीला कळलेलं असे. कुमुदताईंना तेच हवं असायचं.

आणि मधूनच चित्र क्षणभर उडायचं. मुंग्यांची एक रेघ सरकून जायची आणि माणसं एकदम दुसऱ्या जागी उभी दिसायची. "तिकडच्या विजेचा फरक," ताई म्हणायच्या. आम्ही सगळे मान डोलवायचो. तिकडची वीज कशी असते हे कुणाला माहीत होतं!

विजेचा दोष नव्हता. ते ताईंचं बोट होतं. उतरवताना त्यांचं बोट दुसऱ्या व्हीसीआरच्या पॉझच्या बटणावर असायचं. मुलाच्या हातात बिअरचा ग्लास आला की दाबलं. ताटात जे असायला नको ते दिसलं की दाबलं. एखादी सोनेरी केसांची मुलगी फारच जवळ येऊन बसली की दाबलं. एकदा मी त्यांच्याकडे बसलेले असताना हा उद्योग डोळ्यांनी पाहिला आणि म्हटलं, "ताई, हे काय करता?"

"गाळते."

"पण कॅसेट त्यांची आहे."

"चहापत्तीही पाहुण्याचीच असली तरी चहा गाळूनच देतो ना आपण? मग?" आणि बोट परत बटणावर.

याला कारण होतं. ट्रंक कॉलच्या दिवसांत एकदा त्यांनी रात्रपाळीला नागपूरचा कॉल आंबिवलीच्या एका दुकानातल्या फोनवर जोडून दिला होता. पलीकडच्या माणसाने 'ऐकू येतंय का' एवढंच विचारलं आणि दुसऱ्या वाक्यात सांगून टाकलं की तुमचा मुलगा गेला. मग नुसता रिसीव्हर लोंबकळल्याचा आवाज, आणि लांबून कुणीतरी 'पाणी आणा' म्हणून ओरडत होतं. ताई कॉल तोडू शकल्या नाहीत. "मीच जोडून दिला होता गं तो," असं त्या मला म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं ठाम मत होतं की वाईट बातमी चमच्याने द्यायची असते, तीही माणसाचं पोट बघून. मतात चूक नव्हती. चमचा मात्र दर वेळी आपल्याच हातात असावा असं त्यांना वाटे, तिथे घोटाळा होता.

हे त्यांना एकदा एका बाईने तोंडावर सांगितलं होतं. कोलशेतच्या खाडीवरची एक कोळीण होती, तिचा मुलगा परदेशी जहाजावर कामाला. तिकडच्या दोस्ताने काढलेली कॅसेट घेऊन ती ठाण्याहून शोधत शोधत आली. ताईंनी नेहमीप्रमाणे उतरवली, नेहमीप्रमाणे गाळली. बाई टीव्हीसमोर मांडी घालून बसली आणि दहाव्या मिनिटाला म्हणाली,

"बाय, माजा पोरगा कय गेला? आता त नाचत होता."

"टेप जरा खराब आहे हो ती."

"टेप नाय खराब. तूच कायतरी लपवतंस. दाव मना. माजाच पोरगा हाय ना, त्याचा बरावायट मनाच बघाला पायजे."

ताईंचा नाइलाज झाला. मूळची कॅसेट लावली. पोरगा एका हातात बाटली आणि डोक्यावर कुणाची तरी टोपी घालून डेकवर नाचत होता, आणि मग धाडकन आडवा झाला. कोळीण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बापावर गेलाय," म्हणाली, आणि ते पुन्हा लावायला लावलं. ती गेल्यावर मी ताईंना म्हटलं, बघा, काही झालं का तिला? ताई म्हणाल्या, "त्यांचं वेगळं असतं गं. आपल्या लोकांना नाही झेपत." आपले लोक किती नाजूक, हे ठरवणाऱ्या त्या एकट्याच.

दुसऱ्या मजल्यावर सामंतकाका राहायचे. मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त झाले आणि वर्षातच बायको गेली. एकुलता एक मुलगा अविनाश अमेरिकेत, त्याला एक मुलगी. काकांचं सगळं जगणं एका वाक्यावर चाललं होतं: अविनाश परत येणार. त्यासाठी त्यांनी कोलशेतला नव्या वसाहतीत एक ब्लॉक घेऊन ठेवला होता. बांधकाम चालू होतं आणि काका दर आठवड्याला जाऊन भिंतींना हात लावून येत. जिन्यात भेटले की स्वयंपाकघराचा ओटा केवढा, बाल्कनी कुठल्या दिशेला, हेच बोलत. नकाशे काढण्यात हयात गेलेला माणूस, त्यामुळे ते जिन्याच्या कठड्यावर बोटाने रेघा मारून खोल्या दाखवत. आम्हा सगळ्यांना तो ब्लॉक न बघता पाठ झाला होता.

अशात काकांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले. घरी येऊन जेमतेम उठून बसायला लागले होते, तेव्हाच अविनाशची कॅसेट आली. काकांनी ती कुमुदताईंकडे पाठवून दिली. पुढचं मला फार उशिरा कळलं, पण ते इथेच सांगायला हवं.

कॅसेटमध्ये नातीचा वाढदिवस होता. केक, फुगे, गाणी. मग अविनाश एकटा सोफ्यावर बसून कॅमेऱ्याशी बोलायला लागला. म्हणाला, बाबा, फोनवर मला हे जमत नाही म्हणून असं सांगतोय. आम्ही आता परत येणार नाही. इथेच घर घेतलंय. तुम्ही रागवाल हे माहीत आहे, पण एक ऐका. मग तो कॅमेरा घेऊन उठला आणि एक खोली दाखवली. ही तुमची खोली बाबा, खालीच आहे, जिना चढायचा नाही. पलंगावर त्याची मुलगी उड्या मारत होती. ती म्हणाली, "आजोबा, हा तुमचा बेड. मी वॉर्म करून ठेवते." अविनाश म्हणाला, तिकडचं सगळं आवरून आमच्याकडे या. विचार करा आणि पत्रात कळवा. काहीच लिहिलं नाहीत तर तुम्हाला हे मान्य नाही असं मी समजेन आणि पुन्हा विषय काढून तुम्हाला त्रास देणार नाही.

'परत येणार नाही' हे शब्द आले आणि ताईंचं बोट खाली गेलं, आणि केक कापून उरलेल्या पसाऱ्यावर कॅमेरा परत येईपर्यंत ते वर आलं नाही. नको ते आणि हवं ते एकाच दमात सांगितलेलं होतं. एक ठेवून दुसरं काढता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही काढलं. थोडे दिवस जाऊ देत, हिंडायफिरायला लागले की मूळची लावून आपणच जवळ बसून दाखवू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. यात खोटं काहीच नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

पण तो दिवस निघेना. काका खुशीत दिसले की ताईंना वाटे, आज इतके बरे आहेत, आज नको. काका थकलेले दिसले की वाटे, आज तर नकोच. पाडवा गेला, गणपती गेले. काका कोलशेतला परत जायला लागले, फरशीचे नमुने खिशात घालून आणायला लागले, आणि ते नमुने त्यांनी सर्वांत आधी ताईंना दाखवले. ताईंनी परत दिलेली मूळची कॅसेट काकांनी कपाटात बायकोच्या शालूशेजारी ठेवली होती. तिला नातीचा हात लागलेला म्हणून.

तिकडे अविनाश पत्राची वाट बघत होता. पत्रं गेली, त्यांत ब्लॉकचा ताबा कधी मिळणार आणि फरशी पांढरी घ्यावी की पिवळी, एवढंच. बापाने आपलं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असं त्याने धरलं. फोन लहान होत गेले. काका आम्हाला सांगत, "कामात फार गुंतलाय हो." पुढच्या वर्षी त्यांना दुसरा झटका आला, आणि विमानप्रवासाचं नावही काढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांना त्याचं काही वाटलं नाही. ते कुठे जाणारच नव्हते, त्यांच्या हिशेबी मुलगाच यायचा होता.

अविनाश आला तो चार दिवसांसाठी, बापाची तब्येत बघायला. काका त्याला हौसेने कोलशेतला घेऊन गेले. त्या रिकाम्या ब्लॉकमध्ये दोघांचं भांडण झालं, आणि आपण कॅसेटमध्ये सगळं सांगितलं होतं हे अविनाशच्या तोंडून निघालं. संध्याकाळी मी कुमुदताईंकडे मटार सोलत बसले होते. बेल वाजली, ताईंनी दार उघडून सवयीने "बोला" म्हटलं, तर दारात सामंतकाका आणि अविनाश उभे. अविनाशच्या हातात ती जुनी कॅसेट होती.

"काकू, ही लावता का?" तो म्हणाला. "मूळचीच."

ताईंनी कॅसेट घेतली. रोज डोळे मिटून घालणाऱ्या बाईच्या हातून ती व्हीसीआरमध्ये जाईना. शेवटी अविनाशनेच घातली. मी उठून जायला हवं होतं, पण मधून वाट नव्हती. वाढदिवस झाला. मग सोफा आला, खोली आली, पलंग आला. काका खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते. नात पलंगावरून बोलली तेव्हा ते म्हणाले, "जरा मागे घे रे." अविनाशने मागे घेतलं. काकांनी ते पुन्हा ऐकलं, आणि संपल्यावर ताईंकडे वळले.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"उतरवलीत तेव्हापासून?"

"हो."

"म्हणजे मी तुम्हाला फरशी दाखवत होतो तेव्हा…"

ताईंनी मान हलवली. "तुम्हाला झटका येऊन गेला होता हो. म्हटलं जरा बरे झालात की…"

"झालो होतो की मधे बरा," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "वाईट बातमी होती, ताई. पण माझी होती. मी रडलो असतो, त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि गेलो असतो. तेव्हा जाता येत होतं."

मग त्यांनी मुलाला विचारलं, "ती खोली आहे का अजून?"

"आहे, बाबा," अविनाश म्हणाला.

मला आजही कुमुदताईंचा राग येतो आणि आजही त्यांची कीव येते. कुणाचं वाईट करायला त्या उठल्या नव्हत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची टोकं जोडून दिलेली ती बाई, आणि तिनेच एक बाप आणि एक मुलगा अशी दोन टोकं तोडून ठेवली. बिल्डिंगमध्ये गोष्ट पसरली, पण कॅसेट यायच्या थांबल्या नाहीत, दुसरीकडे जायचं कुठे? ताई उतरवून देत राहिल्या, मात्र खुर्ची मशीनकडे पाठ करून ठेवायला लागल्या. आईबाप खेळाला आले की विचारत, "कसं आलंय हो आमचं बाळ?" आणि ताई म्हणत, "मी बघत नाही आता." निवेदन बंद झालं. पडणारं पोर सगळ्यांच्या समोर न सांगता पडायला लागलं.

सामंतकाकांचं जेवण त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज संध्याकाळी अळणी भाजी, मऊ भात, ताक असा डबा घेऊन त्या खाली जात. काका "या ताई" म्हणत, डबा घेत, भाजी चांगली झाली होती असंही सांगत. त्यांनी अबोला धरला नाही. फक्त अमेरिकेहून आलेली कॅसेट त्यांनी पुन्हा कधी वर पाठवली नाही. अविनाश आता दर दोन महिन्यांनी पाठवत असे. ताईंनी एकदाच धीर करून म्हटलं होतं, "द्या ना माझ्याकडे. अगदी जशीच्या तशी करून देईन." काका म्हणाले, "नको. दिसतं मला."

काय दिसायचं ते एकदा वाणसामान द्यायला गेले तेव्हा मी पाहिलं होतं. न बदललेली ती कॅसेट काकांच्या साध्या व्हीसीआरवर चालू होती. रंग नव्हता. चित्र सारखं वर सरकत होतं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाखाली. आवाज पळता आणि चिरका. त्यातून काका नात शोधत होते, आणि सापडली की बोट दाखवून मला म्हणत होते, "ही बघा."

कुमुदताईंना मी शेवटचं पाहिलं ते आम्ही ठाण्याला राहायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी. तिन्हीसांजेला मी कामावरून येत होते. दुसऱ्या मजल्यावर, सामंतकाकांच्या बंद दारापाशी, हातात डबा धरून त्या उभ्या होत्या. आतून पळत्या आवाजात कुणीतरी "आजोबा, आजोबा" म्हणत होतं. मी बेलकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बघतायत ते," त्या हळूच म्हणाल्या. "संपू दे."

"भात निवेल, ताई."

"गरम करून आणीन परत."

मी वर आले, कुलूप काढलं, दिवा लावला, बांधलेल्या सामानात चहाचं भांडं शोधून चहा टाकला. चहा झाला, पिऊन झाला, तरी खालून बेल वाजल्याचा आवाज काही आला नाही.